दातांच्या दवाखान्यातला पारा : खुर्चीशेजारी उभं राहणाऱ्यांचं काय?

वाकररोड :

दातात चांदी (म्हणजे पारा घालून कालवलेलं अमाल्गम) भरून घेतलेल्या पेशंटला पाऱ्याचा त्रास होतो की नाही, यावर इथे दोनतीनदा जुंपून झाली आहे. ती चर्चा पुन्हा नको. पेशंट पाचदहा वर्षांतून एकदा त्या खुर्चीत बसतो. खुर्चीशेजारी दिवसभर उभ्या असणाऱ्या बाईचं काय, हे मला विचारायचंय.

माझी मावशी नागपूरच्या महाल भागातल्या दातांच्या एका जुन्या दवाखान्यात वीसेक वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली होती. शिक्षण दहावी, काम सगळंच. नंबर लावायचे, हत्यारं उकळायची, सक्शन धरायचं, चांदी कालवायची. पहिली बरीच वर्षं मोजून बंद केलेल्या पाऱ्या-भुकटीची तयार कॅप्सूल वगैरे नव्हती. काचेच्या खलात चांदीची भुकटी, तिच्यावर बाटलीतून पारा, तो घोटायचा, मग फडक्यात घेऊन अंगठ्यानं पिळायचा. पिळून निघालेला पारा परत बाटलीत. खाली सांडला तर फड्यानं कोपऱ्यात. हातमोजे पेशंटच्या तोंडात हात घालायला, घोटायला कशाला?

काम सोडून आता दोनेक वर्षं झाली. हात थरथरतात. कप बशीत ठेवताना वाजतो, बँकेत सही जुळत नाही. झोप कमी झालीय आणि मूळची शांत बाई बारीकसारीक गोष्टीवर भडकते. घरचे म्हणतात वय झालं. वय अठ्ठावन्न. पाऱ्याचा संबंध असू शकतो का? कोणती तपासणी करावी? कुणाला माहिती असेल तर सांगा.

संत्राबर्फी :

शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही तळहातावर पारा घेऊन खेळलोय. पोट्टे सगळे धडधाकट आहेत, दोघं तर आमदारकीला उभे राहिले (पडले, पण ते पाऱ्यामुळे नाही). हात थरथरायला शंभर कारणं असतात. उगाच दवाखान्याच्या माथी काहून मारता?

रसायनबाबू :

बर्फीभाऊ, तळहातावरच्या पाऱ्यानं फारसं काही होत नाही हे खरंच आहे. थर्मामीटर फुटून पोरानं थेंब गिळला तरी तो जवळपास सगळा तसाच बाहेर पडतो, आतड्यातून अगदीच नगण्य शोषला जातो. घात होतो तो वाफेतून. श्वासाबरोबर आत गेलेल्या वाफेतला साधारण ८०% पारा फुप्फुसांतून रक्तात उतरतो आणि रक्तातून मेंदूत, गरोदर बाईच्या वारेतूनही पलीकडे जातो. वाफेला रंग नाही, वास नाही, नाकाला झोंबतही नाही. म्हणून कुणी खिडकी उघडायला धावत नाही.

आता जरा हिशेब करू. एक मिलिमीटर जाडीचा पाऱ्याचा मणी म्हणजे सात मिलिग्रॅमच्या आसपास पारा. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेनं, एसीजीआयएचनं, कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा आहे घनमीटरला २५ मायक्रोग्रॅम. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली धरली तर त्या मर्यादेपर्यंत जायला एक मिलिग्रॅमसुद्धा लागत नाही. म्हणजे त्या एका मण्यात अशा आठ खोल्या भरतील एवढा माल आहे. तो एका दिवसात उडत नाही, हळूहळू उडतो. पण शहाबादी फरशीच्या सांध्यांत असे किती मणी असतील, आणि किती वर्षांचे, ते त्या दवाखान्याच्या झाडूवालीला विचारा.

त्यात आपलं नागपूर. तापमान दहा अंशांनी वाढलं की पाऱ्याच्या वाफेचा दाब साधारण दुप्पट होतो. २० अंशांना बंद भांड्यातली हवा घनमीटरला १३ मिलिग्रॅमच्या आसपास पारा धरते, ४० अंशांना साठाच्या वर. युरोपातल्या थंड खोल्यांत मोजलेले आकडे वाचून "आपल्याकडे काही नाही" म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात इथे येऊन बसावं.

संत्राबर्फी :

म्हणजे नवतपात दातच दाखवू नये 😄

रसायनबाबू :

दाखवा, पण जिथे कूलर लावलाय तिथे. गंमत नाही करत. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, ती जायला खिडकी उघडी ठेवावीच लागते, म्हणून खोलीतली हवा सारखी बदलत राहते. स्प्लिट एसी तीच हवा गार करून पुन्हा तुमच्या नाकात देतो. दवाखाना 'अपग्रेड' झाला, खिडक्या सील झाल्या, की असिस्टंटच्या वाट्याची वाफ वाढते.

खुर्चीशेजारची :

मी सक्करदऱ्याकडे असिस्टंट आहे. मावशीबाईंचं वाचून सगळं डोळ्यासमोर आलं. आमच्या इथं खल नाही, कॅप्सूल आहे. पण सरांना ताजी गोळी मऊ लागते, म्हणून मी ती हातावर मळून द्यायची. उरलेली गोळी एका डबीत. ती डबी झाकण नसलेली, स्टेरिलायझरच्या बाजूला.

लग्नानंतर माझी सोन्याची अंगठी एका कडेनं पांढरी पडत गेली. मले वाटलं सोनं खोटं. सासूबाई तर माहेरच्यांवर घसरल्या. इतवारीत सराफाकडे नेली, त्यानं भिंगातून नुसती पाहिली आणि विचारलं, "पाऱ्याचं काम करता का ताई?" मग फुंकणीनं तापवून पिवळी करून दिली. दहा मिनिटांचं काम. त्या माणसाला जे एका नजरेत समजलं, ते आमच्या इथं कोणी कधी सांगितलं नव्हतं.

रसायनबाबू :

ताई, अंगठीची साक्ष एकदम पक्की आहे. सोनं पारा ओढून घेतं आणि पांढरं पडतं. फक्त त्या सराफानं तापवल्यावर तो पारा गेला कुठे? त्याच्या नाकात आणि तुमच्या. पुढच्या वेळी दुकानात थांबू नका. आणि कामावर जाताना अंगठी घरी ठेवा.

दाढवाला :

मी दंतवैद्य, मेडिकल चौकातल्या शासकीय दंत महाविद्यालयात शिकलो, आता स्वतःची प्रॅक्टिस. आमच्या वेळी प्रॅक्टिकलला खलबत्ता आणि पिळायचं फडकं हेच होतं, आणि बाकावर सांडलेला पारा एकमेकांकडे टिचकीनं उडवणं हा खेळ. त्यामुळे वाकररोडच्या मावशींनी जे केलं ते तेव्हाच्या पद्धतीनंच केलं.

अमाल्गम म्हणजे वजनानं जवळपास निम्मा पारा, उरलेल्यात चांदी, कथील, तांबं. एकदा घट्ट बसल्यावर त्यातून फार कमी पारा सुटतो. लहान मुलांवर अमेरिकेत आणि लिस्बनमध्ये झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २००६ साली आले, अमाल्गम भरलेल्या आणि न भरलेल्या मुलांच्या बुद्धीत किंवा मज्जासंस्थेत फरक दिसला नाही. दवाखान्यात वाफ सुटते ती चार वेळा : कालवताना, भरताना, गुळगुळीत करताना आणि सगळ्यात जास्त जुनी चांदी उकरून काढताना. हे चौथं आमच्या लोकांच्या लक्षात येत नाही. "मी दहा वर्षांपासून अमाल्गम भरतच नाही, फक्त कॉम्पोझिट" (दाताच्या रंगाचं, बिनपाऱ्याचं), असं अभिमानानं सांगणारा डॉक्टर रोज जुन्या चांद्या एअरोटरनं, म्हणजे दात कोरायच्या यंत्रानं, उडवतो. नीट दिसावं म्हणून पाणी कमी करतो. ते चूर्ण आणि वाफ त्याच्या आणि असिस्टंटच्या तोंडावर. पाण्याचा भरपूर फवारा, दाताला अगदी चिकटून जोरदार सक्शन, शक्य तिथे रबर डॅम (दाताभोवती बसवायचा रबरी पडदा), आणि चांदी चुरा न करता तुकड्यांत काढणं, एवढ्यानं खूप फरक पडतो. साधा किंवा एन-९५ मास्क चुऱ्याला अडवतो, वाफेला नाही.

आणखी एक. चांदीचे कण लागलेली हत्यारं पुसून न घेता ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात) घातली की तो पारा गरम वाफेबरोबर खोलीत येतो. ऑटोक्लेव्ह असतो कुठे? मागच्या अडीच फुटी खोलीत, जिथे डॉक्टर कधी जात नाहीत आणि असिस्टंट डबा खाते.

नाडीपरीक्षा :

मी फिजिशियन. मावशींना न तपासता काही ठाम सांगणार नाही, पण दिशा देतो.

पाऱ्याच्या जुनाट विषबाधेत बोटं, पापण्या, ओठ बारीक थरथरतात आणि काही करायला गेलं की थरथर वाढते. अक्षर बिघडतं. सोबत चिडचिड, माणसांत जायची लाज, विसराळूपणा, झोप उडणं, हिरड्या सुजणं, लाळ सुटणं, लघवीतून प्रथिनं जाणं. एकोणिसाव्या शतकात फेल्टच्या टोप्या करणाऱ्या कामगारांत हे इतकं दिसायचं की इंग्रजीतली 'मॅड ॲज अ हॅटर' (टोपीवाल्यासारखा वेडा) ही म्हण त्यावरूनच पडली असं बरेच जण मानतात. मावशींची लक्षणं या चित्रात बसतात. पण ती इतर पाच चित्रांतही बसतात. वाढलेला थायरॉइड, घराण्यात चालत आलेली हाताची थरथर, सुरुवातीचा पार्किन्सन (त्यात हात मांडीवर स्वस्थ असताना जास्त हलतो), दम्याचा पंप, काही मानसिक आजारांची औषधं. आधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), किडनीच्या तपासण्या, लघवीतली प्रथिनं आणि न्यूरॉलॉजिस्टची भेट. रामदासपेठ-धंतोलीत पावलोपावली न्यूरॉलॉजिस्ट आहेत.

पाऱ्यासाठी लघवीची तपासणी होते, क्रिएटिनिनच्या प्रमाणात, म्हणजे लघवी पातळ की घट्ट यानं आकडा बदलत नाही. रक्तातला आणि केसांतला पारा बराचसा माशांतून आलेला असतो, त्यामुळे दवाखान्यातल्या वाफेचा माग काढायला लघवी बरी. पण शरीरातला पारा साधारण दोन महिन्यांत निम्मा होतो, मग पुढच्या दोन महिन्यांत त्याच्या निम्मा. मावशींनी काम सोडून दोन वर्षं झाली. आज आकडा नॉर्मल येईल, आणि त्यावरून "पाऱ्याचा संबंध नव्हता" असं कुणी म्हटलं तर ते चूक ठरेल. मेंदूला झालेली इजा पारा निघून गेल्यावरही मागे राहू शकते. तपासणीचा खरा उपयोग आज कामावर असणाऱ्यांना. खुर्चीशेजारची ताई, हे तुम्हाला उद्देशून आहे.

निसर्गदूत४४० :

डॉक्टर लोक खरं सांगणार नाहीत. तोंडातली सगळी चांदी आजच्या आज काढून टाका. डिटॉक्सची गोळी घेऊन मग लघवी तपासा, आकडा पाहून डोळे पांढरे होतील. माझ्या ओळखीच्या तिघांचे संधिवात गेले.

नाडीपरीक्षा :

डोळे पांढरे होणारच, कारण ती गोळी शरीरातला पारा मुद्दाम लघवीत ओढते आणि मग तो आकडा गोळी न घेतलेल्यांच्या मर्यादेशी ताडून पाहतात. अशी गोळी कुणालाही द्या, तुम्हालाही, आकडा वाढेल. अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांच्या संघटनेनं अशी तपासणी करू नये असं स्पष्ट म्हटलंय. आणि धडधाकट चांद्या एका दमात उकरायच्या म्हणजे सगळ्यात जास्त वाफेचा उद्योग, तोही त्याच बिचाऱ्या असिस्टंटच्या नाकाखाली.

वाकररोड :

डॉक्टरसाहेब, आभार. पण दवाखान्यात काम करणाऱ्यांवर अभ्यास झालेच नाहीत का? सगळे पेशंटचेच?

नाडीपरीक्षा :

झालेत, आणि ते वाचताना दोन्ही बाजूंनी संयम लागतो. पश्चिम स्कॉटलंडमध्ये १८० दंतवैद्यांची तपासणी झाली (२००२). त्यांच्या लघवीतला पारा तुलनेतल्या लोकांच्या सरासरी चौपटीहून जास्त होता. किडनीच्या आणि विसरण्याच्या तक्रारीही त्यांच्यात जास्त. पण ज्याच्या लघवीत पारा जास्त त्यालाच तक्रार जास्त, असं काही दिसलं नाही. नॉर्वेत २००८ मध्ये डेंटल असिस्टंटची तुलना इस्पितळातल्या साहाय्यक परिचारिकांशी केली. असिस्टंटमध्ये स्मरण, एकाग्रता, झोप, थकवा या तक्रारी अधिक आढळल्या. तिथे जुन्या काळी तांब्याचं अमाल्गम चमच्यात ज्योतीवर तापवायची पद्धत होती, म्हणजे वाफ थेट तोंडावर. तक्रारी बायांनी स्वतः सांगितलेल्या, आणि वर्षानुवर्षांपूर्वीची वाफ कुणी मोजून ठेवलेली नाही. अशा विषयात हीच अडचण असते.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो कॅलिफोर्नियातला १९९४ चा अभ्यास. आठवड्याला तीसहून जास्त अमाल्गम कालवणाऱ्या आणि दवाखान्यात पाऱ्याची काळजी न घेतली जाणाऱ्या असिस्टंटमध्ये दर पाळीचक्रात दिवस राहण्याची शक्यता, पाऱ्याशी संबंध नसलेल्यांच्या ६३% एवढीच आढळली. तेवढंच काम पण काळजी घेणाऱ्या ठिकाणी हे दिसलं नाही. म्हणजे प्रश्न अमाल्गम आहे की नाही एवढाच नाही. कुणाच्या खोलीत, कसं, हा आहे.

खुर्चीशेजारची :

दिवस राहण्याचं वाचलं आणि थांबले. आमच्या इथं पाच वर्षांत तीन मुली आल्या-गेल्या, लग्न ठरलेल्या, झालेल्या. कोणालाच "पोटात बाळ असेल तर चांदी कालवू नको" असं सांगितलं गेलं नाही. आणि आम्ही सुट्टी मागतो तीच किती घाबरत. कारण विचारलं की तोंड बंद.

काळाकोट :

इथे वकिली डोकं घालतो. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत "पारा किंवा त्याची विषारी संयुगं यांमुळे होणारे आजार" स्पष्ट लिहिले होते. कारखाना कायद्यातही पाऱ्याची विषबाधा सरकारला कळवण्याजोगा आजार होता. २०२५ च्या नोव्हेंबरात या दोन्ही कायद्यांची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली. पण दवाखाना कारखाना नाही. ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागायला साधारण दहा माणसं लागतात, २०१७ चा महाराष्ट्राचा दुकाने-आस्थापना कायदाही पूर्णपणे लागू व्हायचा तो दहापासून, २०२५ च्या दुरुस्तीनंतर विसापासून. दोन खुर्च्यांच्या दवाखान्यात असतात दोन मुली आणि एक सफाईवाली मावशी. नेमणूकपत्र नाही, पगार रोख. भरपाईचा दावा लावायचाच म्हटलं तर "ही बाई इथे कामाला होती" हे सिद्ध करण्यातच वर्ष जाईल, आणि मुदतीचा मुद्दा निघेल तो वेगळाच. वाकररोड, मावशींचं जे काही मिळेल ते जपून ठेवा. जुने फोटो, दिवाळीच्या बोनसची चिठ्ठी, औषध कंपनीच्या डायरीतलं अक्षर, काहीही.

दाढवाला :

वकीलसाहेबांच्या म्हणण्याला पुस्ती. पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारावर भारतानं २०१४ मध्ये सही केली, २०१८ मध्ये तो मान्य केला. २०२२ च्या दुरुस्तीत सुटा पारा दवाखान्यात वापरायचा नाही, आणि पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना अमाल्गम टाळायचं, असं ठरलं. युरोपीय संघात २०२५ च्या सुरुवातीपासून बंदी आहे, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात जिनिव्हाला झालेल्या बैठकीत जगभरासाठी २०३४ ही शेवटची मुदत ठरली. सगळ्या कलमांत काळजी कुणाची, तर पेशंटची आणि पर्यावरणाची. गरोदर पेशंटला भरू नका. गरोदर असिस्टंटनं कालवावं की नाही, याची चर्चा आमच्या परिषदांत मी तरी ऐकलेली नाही.

पर्यावरणाचंही खरंच आहे म्हणा. थुंकीच्या भांड्यातून आपला चुरा नालीत, नालीतून नाग नदीत, पुढे कन्हान, वैनगंगा करत गोसीखुर्दच्या धरणात. पाण्यातले जीवाणू पाऱ्याचं मिथाइलपारा करतात आणि तो माशांत साठत जातो. युरोप-अमेरिकेत दवाखान्यांना अमाल्गम गाळून घेणारं यंत्र बसवावं लागतं. आपल्याकडे मी ते पाहिलंय फक्त प्रदर्शनातल्या स्टॉलवर.

संत्राबर्फी :

वरचं माझं आमदारकीचं वाक्य सोडून द्या. बायको सरकारी दवाखान्यात आहे, तिच्याकडे बीपीचं जुनं पाऱ्याचं यंत्र आहे. ते फुटलं तर काय करायचं?

रसायनबाबू :

त्यात थर्मामीटरच्या शंभरेक पट पारा असतो, म्हणून हलक्यात घेऊ नका. पंखा, एसी बंद, खिडक्या उघड्या, माणसं बाहेर. झाडू नाही, व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नाही, तो पाऱ्याची वाफ करून खोलीभर उडवतो. दोन जाड कागदांनी मणी एकत्र लोटायचे, ड्रॉपरनं किंवा सुई काढलेल्या सिरिंजनं उचलायचे, चिकटपट्टीनं बारीक कण टिपायचे, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक बाटलीत पाण्याखाली ठेवायचे. फटींत गंधकाची भुकटी. वैद्य मंडळी पारा आणि गंधक खलून कज्जली करतात, तोच हा संयोग, पण फटीत नुसती भुकटी टाकून तो हळूहळू होतो. भुकटी टाकली आणि झालं, असं समजू नका.

वाकररोड :

मावशीला न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. टीएसएच नॉर्मल. आजोबांचेही हात थरथरायचे हे आईनं तिथेच सांगितलं, त्यामुळे डॉक्टरांचा कल घराण्यातल्या थरथरीकडे आहे. थरथर कमी करणारं प्रोप्रॅनोलॉल कमी मात्रेत सुरू केलंय. पाऱ्याचं सांगितलं तर त्यांनी कामाचा सगळा इतिहास विचारून केसपेपरवर लिहिला, म्हणाले संबंध लावता येत नाही आणि नाकारताही येत नाही. लघवीत प्रथिनं थोडी जास्त आलीत, त्याची पुन्हा तपासणी आहे. मावशीचं म्हणणं एकच, "मला काय व्हायचं ते झालं, त्या दवाखान्यात आता जी पोरगी आहे तिला सांगा." उद्या जाऊन येतो.

नाडीपरीक्षा :

केसपेपरवर कामाचा इतिहास लिहिणारे डॉक्टर भेटले, चांगलं झालं. आम्ही बहुतेक जण पेशंटच्या धंद्याच्या रकान्यात 'गृहिणी' लिहून मोकळे होतो. प्रथिनांचा रिपोर्ट आला की टाका, किडनीचं दुर्लक्ष नको.

खुर्चीशेजारची :

मी सरांना हा सगळा धागा मोबाइलवर दाखवला. आधी चिडले, मग वाचत बसले, पेशंट बाहेर ताटकळला. आता गोळी हातावर मळणं बंद. डबीला झाकण आलं, आणि उरलेली चांदी एक्स-रेच्या वापरलेल्या फिक्सरमध्ये (फिल्म धुवायच्या द्रावणात) बुडवून ठेवतो. ऑटोक्लेव्ह खिडकीपाशी हलवला. माझी लघवीची तपासणी सरच करून देणार आहेत. कपाटात मात्र पाऱ्याची एक जुनी बाटली निघाली, अर्धी भरलेली, आधीच्या डॉक्टरांची. ती कोणाला द्यायची? दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकू का?

दाढवाला :

पिवळ्या पिशवीत कदापि नाही! ती पिशवी जाळतात, सगळा पारा धुराड्यातून बाहेर येईल. चांदी भरलेला उपटलेला दातही त्यात टाकायचा नसतो. बाटली धुऊ नका, ओतू नका, आहे तशी दुसऱ्या घट्ट डब्यात ठेवून लेबल लावा. बुटीबोरीला घातक कचऱ्याची सामायिक सोय आहे, सरांना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात लेखी विचारायला सांगा. माझ्याकडेही तशी एक बाटली आहे, दोन्ही एकदमच देऊ.

खुर्चीशेजारची :

सांगितलं. पत्र लिहितो म्हणाले. वर म्हणाले, "मी सोमवारी तिकडूनच जातो, गाडीच्या डिक्कीत टाकून नेतो." मी म्हटलं, सर, मे महिना आहे, आधी पत्राचं उत्तर येऊ द्या.